धुकं, खडक, फांदी

३ ऑगस्ट, लिमा

आल्यापासून सूर्य दिसलेला नाही. इथल्या हिवाळ्यात तो आठवडेच्या आठवडे दिसत नाही म्हणे. शहरावर करड्या ढगांचं बुटकं छत, गच्चीच्या कठड्याला ओल, ताईच्या चष्म्यावर सारखं पाणी. आणि तरी पाऊस नाही. लिमात वर्षाकाठी जेमतेम एक-दोन सेंटिमीटर पाऊस पडतो; आपल्याकडे कोकणात आषाढातली एखादी सर त्याहून मोठी असते. इथल्या या भुरभुरीला ‘गारुआ’ म्हणतात. दक्षिणेकडून किनाऱ्याने वर येणारा हम्बोल्ट प्रवाह थंड. त्याच्यावरची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, वरची कोरडी, उबदार हवा तिच्यावर झाकण घालते. त्यामुळे ढग तयार होतात, पण उंच चढून बरसत नाहीत. ते सरकत सरकत किनाऱ्यालगतच्या टेकड्यांना जाऊन टेकतात.

त्या टेकलेल्या ढगांवर जगणारी झाडं पाहायला आम्ही दोघी बहिणी आलो आहोत. मी वनस्पतिशास्त्र शिकवलं, ताई चित्रं काढते.

ही झाडं ब्रोमेलिया कुळातली. त्यातलं एकच झाड मराठी स्वयंपाकघरांत पोचलं आहे : अननस. तोही मूळचा दक्षिण अमेरिकेचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्याकडे आणलेला. या कुळात साडेतीन हजारांहून जास्त जाती आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात खडकांवर वाढणारी एक जात सोडली, तर बाकी सगळ्या रानटी जाती अमेरिकेच्या दोन खंडांतल्या. सह्याद्रीत एकही नाही. वर्गात मी हे कुळ अननसावरून शिकवायची आणि तास संपायचा. पेरू निवडला तो एवढ्यासाठी, की या एका देशात ब्रोमेलियाची तीन घरं आहेत : किनाऱ्याचं वाळवंट, अँडीजची उंच माळरानं आणि पलीकडच्या उतारावरची ढगांची जंगलं.

५ ऑगस्ट, लिमाबाहेरच्या टेकड्या

गाडीवाल्याने दोनदा विचारलं, “तिकडे नक्की काय पाहायचंय? तिथं काही नाही, नुसती वाळू आहे.”

पायथ्याशी त्याचं म्हणणं खरं वाटावं अशीच स्थिती होती. गवताचं पातंही नाही. धुक्याच्या पट्ट्यात शिरलो आणि उतारावर आडव्या राखाडी रांगा दिसू लागल्या, एकीवर एक, टेकडीच्या माथ्यापर्यंत. जवळ गेल्यावर कळलं, ही टिलँड्सिया या ब्रोमेलियाची वस्ती. मुख्य जाती दोन, टिलँड्सिया लॅटिफोलिया आणि टिलँड्सिया पुरपुरेआ. मैलोगणती दुसरं झाड नाही.

एक झुबका हलकेच उचलला. काही तोडावं-उपटावं लागलं नाही, कारण त्याला जमिनीत धरून ठेवणारं मूळच नव्हतं. होता तसा परत ठेवला. या झाडांनी मुळांवरचा भरवसा सोडून दिला आहे. पाणी पितात ती पानं. पानांवर सूक्ष्म खवले असतात, प्रत्येक खवल्याचा पसरट भाग मेलेल्या पेशींचा आणि देठ जिवंत. धुक्याचा थेंब पडला की खवला फुलतो, पाणी देठातून आत ओढलं जातं. हवा कोरडी झाली की तोच खवला पानावर चपटा बसतो, पाण्याची वाट बंद होते आणि पांढुरकेपणामुळे ऊनही परतवलं जातं. ताईने बाटलीतलं चार थेंब पाणी एका पानावर सोडलं. बघता बघता चंदेरी पान हिरवं झालं. तिने दोन्ही रंग कागदावर उतरवून घेतले, कोरडा आणि ओला, शेजारी शेजारी.

श्वास घेण्याची वेळही उलटी. बहुतेक झाडांची पर्णरंध्रं दिवसा उघडतात; वाळवंटात तसं केलं तर मिळवलेलं पाणी उडून जाईल. टिलँड्सिया रंध्रं रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवते आणि दिवसा दारं लावून, उन्हाच्या बळावर त्याची साखर करते. अननसही हेच करतो.

रांगा कशा पडल्या, हे बराच वेळ पाहत होतो. धुकं आणणारा वारा समुद्राकडून चढतो. झुबका वाऱ्याच्या बाजूने वाढत जातो, मागचा भाग मरतो, मेलेल्या भागात वाळू अडकून लहानसा बांध तयार होतो. पहिल्या रांगेने धुक्यातलं पाणी गाळून घेतलं की लगेच मागे दुसरीचा निभाव लागत नाही, म्हणून मध्ये अंतर. दक्षिणेला चिलीच्या अटाकामा वाळवंटात टिलँड्सिया लांडबेकीच्या अशाच बांधांमध्ये पुरलेले थर सापडले आहेत, हजारो वर्षांपूर्वीचे. त्या काळात धुकं किती होतं, याचा अंदाज शास्त्रज्ञ त्या थरांवरून बांधतात. टेकडीने ठेवलेलं हे दप्तर वाचायला अजून कितीतरी शिल्लक आहे.

उतरताना पायथ्याच्या बाजूला चुन्याने आखलेले चौकोन दिसले. भूखंड पाडलेत. एका चौकोनात पत्रा आणि चटईच्या भिंती उभ्याही राहिल्या आहेत. डोंगरातून पोटासाठी आलेली माणसं कुठेतरी राहणारच, त्यांना बोल लावता येत नाही. पण टेकडीला ‘रिकामी’ ठरवलं गेलं ते त्यांच्या येण्याच्या आधीच. मोटारसायकलींच्या चाकांनी उतारावरच्या रांगा जागोजाग तुटल्या आहेत. मूळ नसलेलं झाड चाकाखालून घरंगळत खाली जातं, धुक्याच्या पट्ट्याबाहेर पडतं आणि वाळून मरतं.

७ ऑगस्ट, हुआराझ

किनाऱ्यावरून सरळ तीन हजार मीटरवर. डोकं जड आहे. कोकाच्या पानांचा चहा घेऊन दिवसभर पडून वाचन.

अंतोनियो रायमोंदी हा इटालियन निसर्गशास्त्रज्ञ १८५० मध्ये पेरूत आला आणि पुढचं सारं आयुष्य त्याने या देशाची नोंद घेण्यात घालवलं. अँडीजच्या माळावर त्याला एक अवाढव्य झाड दिसलं आणि १८७४ मध्ये त्याने त्याचं वर्णन छापलं. त्याने दिलेलं नाव टिकलं नाही. १९२८ मध्ये हार्म्स या जर्मन शास्त्रज्ञाने झाडाला नवं नाव दिलं, त्यात रायमोंदीचंच नाव गुंफलं : पुया रायमोंदी. ब्रोमेलिया कुळातलं हे सर्वांत मोठं झाड. इथले लोक त्याला ‘तितांका’ म्हणतात.

९ ऑगस्ट, पाचाकोतो, हुआस्करान राष्ट्रीय उद्यान

सकाळी पाण्याच्या डबक्यांवर बर्फाची साय होती. उंची चार हजार मीटरच्या वर. पिवळं, टोचरं गवत, मध्ये खडक, मागे बर्फाची शिखरं. आणि त्या उतारावर उभे तितांका.

तरुण झाड म्हणजे तलवारीसारख्या ताठ पानांचा गोल, माणसाहून उंच. पानांच्या कडांना आत वळलेले आकडे. हात आत सहज जातो, बाहेर काढताना आकडे रुततात. जुनी पानं गळत नाहीत, खोडाभोवती लोंबत राहून जाड आवरण तयार होतं. इथे रात्री पारा शून्याखाली जातो आणि दुपारी ऊन भाजून काढतं, तेव्हा हे आवरण खोडाला सांभाळत असावं.

आम्हाला फुलोरा मिळाला नाही, पण फुलून गेलेली झाडं मिळाली. काळपट, वाळलेले खांब, तिथल्या कोणत्याही झाडापेक्षा कितीतरी उंच. या झाडाचं फुलणं आयुष्यात एकदाच. गोलाच्या मधून दांडा वर येतो, सगळं मिळून उंची दहा मीटरच्या घरात जाते. त्यावर हजारो हिरवट-पांढरी फुलं, आणि त्यांतून लाखोंनी पंखधारी बिया. वाटाड्याने एका वाळलेल्या बोंडातून चिमूटभर तळहातावर ठेवल्या. फुंकर मारायच्या आधीच वाऱ्याने नेल्या. बिया पडल्या की झाड मरतं. त्या लाखोंतून रुजणारी फार थोडी.

फुलायला किती वर्षं लागतात? इथे ८० ते १०० वर्षं सांगतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या उद्यानात मात्र, समुद्रसपाटीच्या जवळ, बियांपासून वाढवलेलं एक झाड २८ वर्षांत, १९८६ साली फुललं. म्हणजे शंभर वर्षं ही या झाडाच्या बियाण्यात लिहिलेली गोष्ट नव्हे. थंडी, पातळ हवा आणि नापीक माती यांनी ती लांबवलेली आहे. बर्कलीतही झाड पुयाच होतं. पण इथलं एवढं दीर्घ आयुष्य या माळाने घडवलं आहे. झाड एकटं उचलून नेलं तर जात वाचते आणि हे आयुष्य मागेच राहतं.

ताईने आज फक्त वाळलेला खांब काढला. मी म्हटलं, “ताई, जिवंत झाड काढ ना.” ती म्हणाली, “अगं, याने शंभर वर्षं वाट पाहिली. आधी याचं.”

१० ऑगस्ट, हुआराझ

कालच्या उतारावर तळापासून जळलेली झाडंही होती. वाटाड्या मेंढपाळाच्या घरातला. त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं : कोकरू आकड्यांत अडकलं की सुटत नाही, मरतं. म्हणून लोक झाडाला काडी लावतात. वाळलेल्या पानांचं आवरण क्षणात पेटतं. थंडीत ऊब म्हणूनही पेटवतात, जळण म्हणूनही तोडतात.

त्याच आकड्यांत लहान पक्षीही कधीकधी अडकून मरतात. तेच पक्षी पानांच्या आडोशाला घरटीही करतात. फुलोऱ्यावर मध प्यायला येणाऱ्यांत महाकाय हमिंगबर्ड आहे, वीसेक सेंटिमीटर लांबीचा, हमिंगबर्डांमध्ये सर्वांत मोठा. निर्जन वाटणाऱ्या माळावर एका झाडाभोवती एवढी वर्दळ.

या जातीच्या वस्त्या पेरू आणि बोलिव्हियात तुटक तुटक उरल्या आहेत. जनुकीय अभ्यासांत एकेका वस्तीतली झाडं एकमेकांसारखीच निघाली, वेगळेपण फार थोडं. हवामान बदललं किंवा रोग आला तर तग धरायला असं वेगळेपणच कामी येतं. पाचाकोतोच्या रस्त्याने पुढे गेलं की पास्तोरुरी हिमनदी लागते. तिचा निम्म्याहून जास्त बर्फ गेल्या काही दशकांत गेला. ज्या झाडाची पिढी शंभर वर्षांची, त्याला एवढ्या वेगाने बदलणारी हवा कशी झेपावी?

१५ ऑगस्ट, कुस्कोहून वायकेचा

आज पावकार्ताम्बोवरून अँडीजची पूर्व कड ओलांडली. साडेतीन हजार मीटरवर अकहानाको खिंड. अलीकडे गवताळ माळ, त्यात पुयाच्या लहान जाती. पलीकडे जमीन एकदम खाली उतरते आणि अ‍ॅमेझॉनकडून चढून आलेला ढग अंगावर येतो. मानू राष्ट्रीय उद्यानाची (स्थापना १९७३) हद्द इथूनच सुरू होते. वायकेचाचं संशोधन केंद्र थोडं खाली, ढगाच्या आत.

झाडाची साल कुठेच दिसत नाही. शेवाळ, नेचे, ऑर्किड, आणि फांदी-फांदीवर ब्रोमेलियाचे लाल-हिरवे गोल. मुळं आहेत, पण ती फांदीला धरून बसण्यापुरती. यजमान झाडाचा रस ती पीत नाहीत. बांडगूळ वेगळं आणि ही वेगळी, हे वर्गात दरवर्षी सांगावं लागायचं.

१६ ऑगस्ट, वायकेचा

वाकलेल्या फांदीवर डोळ्यांच्या पातळीत एक गुझमानिया मिळाली. तिच्यापाशी सकाळ गेली.

या गटातल्या ब्रोमेलियाची पानं तळाशी रुंद होऊन एकमेकांत घट्ट बसतात आणि मध्ये पाणी साठतं. घरात माठ असतो तसाच हा झाडांच्या शेंड्यांवरचा पाणवठा. वरून पडणारी पानं, किडे, धूळ त्यात कुजतात. कुजकं खायला अळ्या, अळ्यांना खायला चतुरांची पिल्लं, त्यांच्यावर कोळी आणि बेडूक. या सगळ्यांच्या विष्ठेतून सुटलेलं नत्र पानाच्या तळाचे खवले शोषतात. झाड पाणी देतं आणि त्यातूनच आपलं खत मिळवतं. कोस्टारिकाचा क्लोदोमिरो पिकादो याने १९१३ मध्ये पॅरिसला प्रबंध लिहून ही सृष्टी पहिल्यांदा नीट उलगडून दाखवली. एवढ्याशा पाण्यात किती प्रकारचे जीव राहतात, हे त्याआधी कुणी एवढ्या चिकाटीने मोजलं नव्हतं.

इथून उत्तरेला, पेरूच्याच सान मार्तीन प्रांतात, रानितोमेया प्रजातीचे नखाएवढे बेडूक आहेत. त्यांतल्या एका जातीचा नर पाठीवर बेडूकमासा बसवून पानांच्या बेचक्यातल्या पाण्यात नेऊन सोडतो. ते पाणी चमचाभर, त्यात खायला काही नाही. मग तो मादीला बोलावून आणतो आणि ती पिल्लासाठी न फळलेलं अंडं घालते. दोघांनी मिळून राबल्याशिवाय पिल्लू जगत नाही, म्हणून ही जोडी टिकून राहते. शेजारचीच दुसरी जात मोठी डबकी वापरते. तिथे पिल्लाला खाद्य मिळतं, नर एकटाच ते काम उरकतो आणि जोडी टिकत नाही. २०१० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाण्याच्या मापावर संसाराची रीत ठरते, हे कुणा कथाकाराने लिहिलं असतं तर अतिशयोक्ती वाटली असती.

जमैकातल्या एका खेकड्याची गोष्टही इथे लिहून ठेवते. तो ब्रोमेलियाच्या पाण्यात पिल्लं वाढवतो. मादी पाण्यातली कुजकी पानं काढून टाकते आणि गोगलगायींचे रिकामे शंख आणून त्यात ठेवते. शंखांतल्या चुन्याने पाण्याचा आंबटपणा कमी होतो आणि पिल्लांच्या कवचाला कॅल्शियम मिळतं. समुद्रापासून दूर, झाडाच्या पानात, एक आई पाणी शुद्ध करत बसलेली असते.

दुपारी वाटेवर फाडून टाकलेले पुयाचे गोल दिसले, मधला मऊ गाभा खाल्लेला. चष्मेवाल्या अस्वलाचं काम. दक्षिण अमेरिकेतलं हे एकमेव अस्वल. ब्रोमेलियाचा गाभा त्याचं आवडतं खाणं.

१८ ऑगस्ट, कोस्निपाता खोरं

पावसाने अडकलो. हातात दुसऱ्या बाजूची गोष्ट.

ब्रोमेलियाला एके काळी शत्रू ठरवलं गेलं होतं. त्रिनिदादमध्ये कोकोच्या बागांवर सावलीसाठी उंच झाडं लावत. त्यांच्यावर ब्रोमेलिया दाट वाढल्या आणि त्यांच्या पाण्यात अ‍ॅनोफेलिस बेलेटर हा मलेरियाचा डास. १९४०च्या दशकात कॉलिन पिटेंड्रिघ याने त्याचा बारकाईने अभ्यास केला. बागांवर मोरचूद फवारून ब्रोमेलिया मारल्या गेल्या. दक्षिण ब्राझीलच्या सान्ता कातारिना राज्यात तर शहरांभोवतीचं जंगलच साफ केलं गेलं. माणसं तापाने मरत होती, त्या काळाला आज निवाडा सुनावणं सोपं आहे. पण त्रिनिदादमधली दाटी माणसाने लावलेल्या बागांमध्ये झाली होती, हे विसरू नये.

आपल्याकडे कुंडीतली ब्रोमेलिया दिसली की डेंग्यूची भीती घालतात. पाणी बदलत राहावं, हे बरोबर. पण रिओ दी जानेरोत केलेल्या पाहणीत ब्रोमेलियाच्या पाण्यातल्या अळ्यांमध्ये डेंग्यूच्या डासाच्या अळ्या नगण्य निघाल्या. तो डास माणसाच्या टाक्या, टायर आणि डबे पसंत करतो.

२० ऑगस्ट, कोस्निपाता खोरं

खिंडीपासून इथपर्यंतच्या उतारावर शास्त्रज्ञांनी जंगलाचे तुकडे आखून वर्षानुवर्षं झाडं मोजली. वाढत्या उष्म्याबरोबर वृक्षांच्या जाती वर सरकू लागल्याचं त्यातून दिसलं. ढगाचा थरही वर गेला तर फांदीवरच्या ब्रोमेलियालाही वर जावं लागेल. पण वर फांदी कुठे आहे? जंगलाची वरची सीमा गुरांनी आणि वणव्यांनी अडवून धरली आहे, त्यापुढे गवत. जिथे फांदीच नाही तिथे बी अडकणार कशाला?

२३ ऑगस्ट, लिमा

तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसली. वाळूची टेकडी, गवताळ माळ, फांदीवरची बोटभर जागा. तिन्हींना कुणी मोल दिलं नाही, कारण तिथे पीक येत नाही. ब्रोमेलियाने तिथेच घर केलं आणि आजूबाजूच्या सगळ्यांना आसरा दिला. तिला कुंडीत वाचवता येतं, बर्कलीत वाचवता येतं. पण रांगा, बांध, शंभर वर्षांचं आयुष्य, बेडकाची जोडी, यांतलं काहीही कुंडीत वाचत नाही. वाचवायची ती जागा.

हे लिहिताना कोकणातले सडे डोळ्यांसमोर आहेत, कासचं पठारही. वर्षातले आठ महिने काळा कातळ. पावसात त्यावर कीटकभक्षी झाडं, आणि साताऱ्याकडे वायतुरा. कागदोपत्री ती जमीन पोटखराबा. जांभ्याच्या खाणी आणि सुरुंग लावून उठवलेल्या कलमांच्या बागा त्या एका नोंदीच्या आधाराने पुढे सरकतात. लिमाच्या टेकडीवरचे चुन्याचे चौकोन आणि हे, यांत मला फरक दिसत नाही.

म्हणून वाचणाऱ्याला दोन विनंत्या. पुण्या-मुंबईच्या नर्सरीत आता टिलँड्सिया ‘एअर प्लांट’ या नावाने सर्रास मिळतात. घेताना विचारा, रोपवाटिकेत वाढवलेलं आहे की रानातून आणलेलं. मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडची टिलँड्सिया झेरोग्राफिका रानातून इतकी ओरबाडली गेली, की तिचा व्यापार साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली आणावा लागला. उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका. आणि दुसरी : आपल्या गावच्या सड्यावर किंवा माळावर पावसाळ्यात एकदा गुडघे टेकून पाहा, काय उगवतं ते वहीत टिपून ठेवा, आणि ती जमीन देऊन टाकायचा विषय ग्रामसभेत निघाला तर ती वही घेऊन उभे राहा.